मुख्यालय, ग्राहक आणि कुंभाराचे गाढव

रेल्वे सिकंदराबादची, एसटी परभणीची, जिल्हा बँक परभणीची, वीज नांदेडची. मग हिंगोलीच्या गिऱ्हाइकाकडे बघणार कोण? हा सवाल जिल्ह्यात इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याला आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा आली आहे. निवेदनांत तो असतो, निवडणुकीच्या भाषणांत असतो, आणि अकोल्याची गाडी उशिरा आली की फलाटावरही असतो. सिद्धान्ताचे सार असे: संस्थेचे मुख्यालय जितके जवळ, तितके तिचे ग्राहकाकडे लक्ष जास्त. म्हणून कार्यालय जिल्ह्यात आणा, विभाग वेगळा करा, तेही जमत नसेल तर मुख्यालय निदान आपल्या राज्यात तरी न्या. बाकीचे आपोआप होईल.

मला या मताचे खंडन करायचे आहे. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग त्याला लोळवायचे, ही आपल्याकडच्या वादांची खोड टाळायला हवी. हे मत अनुभवातून आलेले आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. तोवर कळमनुरीच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या कामासाठी परभणी गाठावी लागे. साहेब दौऱ्यावर असले तर दिवस आणि भाडे दोन्ही पाण्यात. जिल्हा झाला आणि ती पायपीट थांबली. हा लाभ खरा आहे, तो कोणी नाकारू नये. मात्र सगळ्याच संस्था जिल्ह्याबरोबर आल्या नाहीत. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत ही एसटीची आगारे आजही परभणी विभागात आहेत. जिल्हा मध्यवर्ती बँक दोन्ही जिल्ह्यांची मिळून एकच, परभणीची. महावितरणचे परिमंडळ नांदेडला. आणि रेल्वे? दक्षिण मध्य रेल्वे २ ऑक्टोबर १९६६ ला स्थापन झाली, मुख्यालय सिकंदराबाद. हैदराबाद विभागातून नांदेड विभाग वेगळा निघाला तो १ एप्रिल २००३ ला. विभाग आला, पण झोन तोच राहिला. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा, ही मराठवाड्याची जुनी मागणी तेव्हापासून अधिकच जोर धरून आहे.

या मताला विद्वत्तेचाही आधार आहे. आल्फ्रेड चँडलर या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ साली ड्यू पाँट, जनरल मोटर्स, न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल आणि सीअर्स या चार कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धंदा पसरला की एकाच मध्यवर्ती कार्यालयातून तो हाकता येत नाही, स्वायत्त विभाग करावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष. व्यवस्थापनाच्या वर्गांत तो साठ वर्षे शिकवला जातो आहे. आमच्या रेल्वे संघर्ष समितीच्या कार्यकर्त्याने चँडलर वाचलेला नसेल, पण विकेंद्रीकरण करा हे तो त्याच आत्मविश्वासाने सांगतो. म्हणजे पूर्वपक्षाच्या पाठीशी लोकानुभव आहे आणि शास्त्रही आहे. एवढे मान्य करून पुढे जाऊ.

कारण आणि कार्य यांचा संबंध तपासायला आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी दिली आहे. कारण असेल तिथे कार्य दिसले पाहिजे, कारण नसेल तिथे कार्य दिसता कामा नये. दोन्हीकडे जुळले तरच कारण म्हणायचे. मुख्यालयाच्या जवळिकीला ही कसोटी लावून पाहू.

पहिली गोष्ट नकाशाची. हिंगोलीहून सरळ रेषेत मोजले तर सिकंदराबादपेक्षा मुंबई, म्हणजे मध्य रेल्वेचे मुख्यालय, सुमारे दीडपट लांब पडते. तेव्हा मध्य रेल्वेत जाण्याची मागणी ही मुख्यालय जवळ आणण्याची मागणीच नव्हे. ती ते लांब नेण्याची आहे. हळदीचेही तसेच. राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली, जानेवारी २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि मुख्यालय तेलंगणातल्या निजामाबादला गेले. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हळद संशोधन केंद्र असताना मंडळ परराज्यात गेले, याची हळहळ इकडे अजून ऐकू येते. पण हिंगोलीहून निजामाबाद हे आपल्याच राज्यातल्या सांगलीच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे. मंडळ सांगलीला गेले असते तर हळहळ कमी झाली असती, हे उघड आहे; आणि अंतर वाढले असते, हेही तितकेच उघड आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, किलोमीटर धरून बसू नका. जवळ म्हणजे आपल्या राज्यात, आपल्या भाषेत, आपल्या खासदाराचा शब्द चालेल अशा जागी. ठीक. हा अर्थ जास्त समंजस आहे, म्हणून तोच घेऊ. त्याची परीक्षा १ एप्रिल २०१७ ला आपोआप झालेली आहे, फक्त तिचा निकाल कोणी वाचलेला नाही.

निजामाच्या राजवटीत १९४१ साली निघालेली हैदराबाद स्टेट बँक १९५९ पासून स्टेट बँकेची उपबँक झाली. स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नावाने मराठवाड्यात तिच्या शाखांचे जाळे होते. पगार, पीककर्ज, ठेव, ड्राफ्ट, सगळे तिथेच. मुख्यालय हैदराबादला, म्हणजे परराज्यात. १ एप्रिल २०१७ ला ही बँक स्टेट बँकेत विलीन झाली. एका रात्रीत हिंगोलीच्या खातेदाराच्या बँकेचे मुख्यालय हैदराबादहून मुंबईला आले: आपल्या राज्यात, आपल्या राजधानीत. रेल्वेसाठी जे मागितले जाते, अगदी तेच बँकेच्या बाबतीत न मागता मिळाले. पूर्वपक्ष खरा असेल तर त्या दिवसापासून खातेदाराचे सुख वाढायला हवे होते. जिल्ह्यात त्या प्रीत्यर्थ कोणी पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही. उलट जुन्या खातेदारांची कुरकूर अशी की पूर्वी मॅनेजरसाहेब ओळखायचे, त्यांच्या पातळीवर काम व्हायचे. कुरकुरीत स्मरणरंजन किती आणि तथ्य किती हे ज्याने त्याने ठरवावे. पण तिच्यामागे एक ठोस बदल आहे. मोठ्या बँकांनी कर्जमंजुरीचे काम शाखेतून काढून प्रक्रिया केंद्रांकडे नेले. शेत पाहिलेला, घरचा माणूस ओळखणारा अधिकारी अर्ज पुढे पाठवतो. होय की नाही हे ठरवणारा वेगळ्याच इमारतीत कागद पाहून ठरवतो. मुख्यालय जवळ आले आणि निर्णय लांब गेला.

रेल्वेत याची दुसरी बाजू दिसते. मुंबई–जालना जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत वाढली. जिल्ह्याला थेट मुंबईची दिवसाची गाडी मिळाली. त्या वेळी नांदेड विभाग कुठे होता? जिथे आज आहे तिथेच, दक्षिण मध्य रेल्वेत. म्हणजे सिकंदराबाद हलले नाही आणि गाडी आली. उलट लातूर पाहा. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, मुख्यालय मुंबई. मुंबई–लातूर एक्सप्रेस २०१७ मध्ये आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत नेली गेली, तेव्हा आमच्या जागा गेल्या म्हणून लातूरकर रस्त्यावर उतरले होते. मुख्यालय महाराष्ट्रात असूनही लातूरकरांचे ऐकले गेले नाही, आणि परराज्यात असूनही हिंगोलीची गाडी आली. अन्वयही मोडला, व्यतिरेकही मोडला.

असे का होते? लांब पल्ल्याच्या गाड्या ना नांदेड ठरवते, ना एकटे सिकंदराबाद. वेळापत्रक अनेक झोन आणि रेल्वे मंडळ मिळून ठरवतात. मनमाड ते परभणी हा मार्ग वर्षानुवर्षे एकेरी राहिला, मुंबईत फलाट मोकळा मिळत नाही, डब्यांचे रेक कुठल्या तरी डेपोच्या नावावर असतात. हिंगोलीहून जाणाऱ्या गाडीत शौचालयाला पाणी नसेल तर प्रवासी नांदेडच्या विभागीय व्यवस्थापकाला दूषण देतो. पण त्या डब्यांची मुख्य देखभाल दुसऱ्याच झोनच्या डेपोत होत असू शकते. विभागीय व्यवस्थापकाच्या हाताखालच्या शाखाधिकाऱ्यांचेही दोन मालक: एक व्यवस्थापक, दुसरा झोनमधला त्यांच्या खात्याचा प्रमुख. वाणिज्य, परिचालन, यांत्रिकी, विद्युत, स्थापत्य, लेखा अशी ही खाती शंभर वर्षांत आपापल्या किल्ल्यांत बसली आहेत. हे मी टीकाकार म्हणून म्हणत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ डिसेंबर २०१९ ला आठ सेवा एकत्र करण्याचा निर्णय घेतला तो नेमका या खातेवादावर उपाय म्हणूनच. आणि पाच वर्षे होताहोता, २०२४ मध्ये, अभियंत्यांची भरती पुन्हा वेगळ्या परीक्षेतून करण्याकडे रेल्वे वळली. रचना बदलणे किती अवघड असते ते या माघारीवरून कळावे. या सगळ्या गुंत्यात मुख्यालय सिकंदराबादला आहे की मुंबईला, याने हिंगोलीच्या प्रवाशाला पडणारा फरक फार थोडा आहे.

आता उलट टोक घेऊ: मुख्यालय जाऊ द्या, संस्थेचा माणूसच गावात आहे. महावितरणपेक्षा जवळची संस्था सांगता येईल का? वायरमन गावात, शाखा कार्यालय शेजारच्या मोठ्या गावात, उपविभाग तालुक्याला, वर विभाग, मंडळ, परिमंडळ. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. त्यातली ग्राहकाशी बोलणारी ही एकच. तरीही रब्बीत डीपी जळाली की काय होते हे सेनगाव-औंढ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. वीज नियामक आयोगाच्या मानकांप्रमाणे ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलून मिळायला हवे, नाहीतर ग्राहकाला भरपाई. प्रत्यक्षात शेतकरी पहिल्यांदा वायरमनला गाठतो, तो ऐकून घेतो, हळहळतोही, कारण त्याचीही मोटार त्याच डीपीवर असते. पण रोहित्र देणे त्याच्या हातात नसते. ते ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत वापसा, ओल, सुकणारा गहू यांतले काही पोचत नाही. पोचते ती एक नोंद, आणि तिच्यासोबत त्या डीपीवरच्या थकबाकीचा आकडा. ज्याला ऐकू येते त्याला अधिकार नाही, ज्याला अधिकार आहे त्याला ऐकू येत नाही. गंमत अशी की १९१२ हा तक्रारीचा क्रमांक, जो कुठे वाजतो हे आपल्याला ठाऊकही नाही, तो एका बाबतीत गावच्या वायरमनपेक्षा ग्राहकाच्या जास्त जवळचा आहे. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि वेळेची नोंद होते. ४८ तास कधी सुरू झाले हे त्या नोंदीशिवाय सिद्धच करता येत नाही.

पीकविम्यात हीच गोष्ट आणखी उघडी पडते. विमा कंपनीचा माणूस तालुक्याला बसवलेला असतो. पण कंपनी निवडते सरकार, जिल्ह्यांच्या समूहासाठी निविदा काढून. शेतकऱ्याला कंपनी बदलता येत नाही. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे तर शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपया होता, बाकी हप्ता सरकारचा. योजना शेतकऱ्याच्या भल्यासाठी होती यात शंका नाही. पण कंपनीच्या हिशेबात गिऱ्हाईक कोण उरले? जो पैसे देतो आणि जो पुढच्या खेपेला दुसरीकडे जाऊ शकतो, तोच. शेतकरी यांपैकी काहीच करत नव्हता. कार्यालय तालुक्याला असो की थेट त्याच्या बांधावर, हे गणित बदलत नाही.

सहकारी सोसायटी तर जवळिकीची परिसीमा. गटसचिव ओळखीचा, संचालक भावकीतले, मतदान गावात. अशा रचनेत ग्राहकाकडे दुर्लक्ष होणे अशक्य वाटावे. राज्यातल्या कित्येक जिल्हा बँकांचा गेल्या काही दशकांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कारण मतदार होता तो कर्जदार सभासद. नुसत्या ठेवीदाराला मत नव्हते. संस्थेने आपल्या मतदाराची काळजी घेतली, कधी गरजेपेक्षा जास्तच घेतली, आणि ठेवीदार बुडाल्यावर आठवला. ग्राहक दोन प्रकारचे होते आणि रचनेला एकच दिसत होता.

न्यायशास्त्रात अन्यथासिद्ध नावाची कल्पना आहे. घडा होण्याआधी माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढवही हजर असते. ते नेहमी दिसते म्हणून काही ते घड्याचे कारण ठरत नाही. माती डोक्यावरून आणली तरी घडा होतो. मुख्यालयाचे अंतर हे आपल्या वादातले ते गाढव आहे. जिथे ग्राहकाचे हाल होतात तिथे ते पुष्कळदा दिसते, म्हणून आपण त्यालाच धरून बसतो, आणि चाक फिरवणाऱ्याकडे बघत नाही.

चाक कोण फिरवतो? याचे मला पटलेले उत्तर आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० च्या ग्रंथात आहे, आणि योगायोग असा की त्याच्या विचाराची सुरुवात एका रेल्वेपासूनच झाली. नायजेरियात त्याने पाहिले की मालमोटारींची जोरदार स्पर्धा असतानाही रेल्वेचा कारभार सुधारत नव्हता. स्पर्धेने सुधारणा व्हावी हा नियम तिथे लागू पडेना. त्याचे स्पष्टीकरण असे: ज्यांना चांगल्या सेवेची चाड होती आणि बोलायची ताकद होती ते रेल्वे सोडून मोटारीकडे गेले. तोटा सरकारी तिजोरी भरून काढत होती, म्हणून त्यांच्या जाण्याने रेल्वेला काही दुखले नाही. मागे राहिले ते बोलू न शकणारे. ग्राहकाच्या हातात दोनच हत्यारे असतात, सोडून जाणे आणि बोलणे. या रेल्वेत पहिले बोथट होते आणि त्याने दुसरेही नेले.

हिंगोलीत हे रोज संध्याकाळी पाहायला मिळते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले, व्यापारी, डॉक्टर ट्रॅव्हल्सने जातात. वर्तमानपत्रात पत्र लिहू शकणारा, खासदाराला फोन लावू शकणारा प्रवासी रेल्वेने आणि एसटीने आधीच गमावला आहे. उरलेल्या प्रवाशासाठी एसटीच्या आगार व्यवस्थापकाला काय करता येते? त्याला वरून विचारले जाते ते भारमान आणि दर किलोमीटरचे उत्पन्न. औंढ्याजवळच्या एखाद्या खेड्याची सकाळची फेरी वेळेवर गेली का, शाळेच्या मुली पहिल्या तासाला पोचल्या का, हा रकानाच त्याच्या तक्त्यात नाही. मुलींचा पास मोफत आहे, त्याची भरपाई शासन महामंडळाला देते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे, त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. सगळ्याची प्रतिपूर्ती मुंबईहून. या सवलती मला चुकीच्या वाटत नाहीत, खेड्यातल्या बायका त्यामुळे बाहेर पडू लागल्या हे डोळ्यांना दिसते. पण महामंडळाचे तोंड प्रवाशाकडून मंत्रालयाकडे आणखी थोडे वळले, हेही दिसते. उद्या हिंगोलीला स्वतंत्र एसटी विभाग झाला आणि नवा विभाग नियंत्रक आला, तर तो पहिल्या बैठकीत काय विचारेल? भारमान.

आता ज्या ठिकाणी ग्राहकाची पत्रास ठेवली जाते अशी जिल्ह्यातली जागा पाहू. हिंगोलीचा हळदीचा मोंढा, संत नामदेवांच्या नावाचा. इथे शेजारच्या वाशीम, यवतमाळ, नांदेड, परभणीहून हळद येते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधीपासून हा बाजार फुगतो आहे. पूर्वपक्षाचा मित्र म्हणेल, पाहा, स्थानिक संस्था, स्थानिक संचालक. पण बाजार समितीची रचना कायद्याने सगळीकडे सारखी: सोसायट्यांमधून ११, ग्रामपंचायतींमधून ४, व्यापारी-अडत्यांचे २, हमाल-मापाडींचा १. कागदावर अठरापैकी पंधरा शेतकऱ्यांचे. हीच रचना, हीच जवळीक राज्यातल्या शेकडो बाजार समित्यांत आहे, आणि त्यातल्या पुष्कळांत शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. हिंगोलीत फरक पडतो तो शेतकरी निघायच्या आधी मोबाईलवर वसमत, नांदेड, रिसोड आणि सांगलीचे भाव पाहतो म्हणून. वाळवून, पॉलिश करून ठेवलेली कांडी सोयाबीनसारखी घाईत विकावी लागत नाही. घरात ठेवता येते. तो दुसरीकडे जाऊ शकतो, आणि हे अडत्याला माहीत असते. म्हणून बीट वेळेवर लागते, काटा नीट होतो, ‘दादा, चहा घ्या’ होते.

आणि हाच शेतकरी मे महिन्यात पाहा. आवक वाढली, वाहनांची रांग लागली, बीट पुढे ढकलले गेले. त्याचा टेम्पो भाड्याचा, दिवसाचे भाडे चढते आहे, आभाळ भरून आले आहे, वाहनातली पोती उतरवून परत नेणे परवडत नाही. संचालक तेच, अडते तेच, तीच जवळीक. पण निघून जाण्याची वाट बंद झाली आणि चार दिवसांपूर्वीचा दादा आता रांगेतला नंबर झाला. एकाच यार्डात, एकाच हंगामात, मुख्यालयाचे अंतर एक इंचही न बदलता ग्राहकाची किंमत बदलते. कारण शोधणाऱ्याला याहून स्वच्छ प्रयोग कुठे मिळणार?

इथे वादातला दुसरा मोहरा पुढे येतो. तो म्हणतो, रचना-बिचना सोडा, माणसाची वृत्ती हवी. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, ग्राहक देवो भव शिकवा. हे मत पहिल्यापेक्षाही सोयीचे आहे, कारण त्यात कुणालाच अधिकार सोडावा लागत नाही; एक शिबिर घेतले की झाले. पण हैदराबाद बँकेच्या काउंटरवर ३१ मार्च २०१७ ला जो माणूस होता तोच १ एप्रिलला होता. वृत्ती रात्रीतून बदलत नाही. त्याचा अधिकार मात्र बदलतो, आणि अधिकार गेला की सहा महिन्यांत वृत्तीही जाते. ज्याच्या हातात काही नाही त्याने रोज लोकांची दुःखे ऐकायची आणि रोज वर पाठवतो म्हणायचे. असा माणूस कोरडा होतो, कारण कोरडे झाल्याशिवाय ती खुर्ची सहन होत नाही. यान कार्लझोन १९८१ मध्ये स्कँडिनेव्हियन विमान कंपनीचा प्रमुख झाला तेव्हा कर्मचाऱ्यांना त्याने नुसते हसायला शिकवले नाही. प्रवाशासमोर उभ्या असलेल्या माणसाला जागच्या जागी निर्णय घेण्याची मुभा दिली आणि मधल्या साहेबांना सांगितले की आता तुमचे काम त्याला मदत करण्याचे. मधले साहेब नाराज झाले. ते नाराज झाले यावरूनच बदल खरा होता हे ओळखावे.

तेव्हा माझा पक्ष असा: रचनेचा ग्राहकावर परिणाम होतो, फार होतो, पण तो नकाशावरच्या अंतराने होत नाही. ऐकणाऱ्याच्या हातात निर्णय आहे का, आणि त्याचे बरेवाईट ग्राहकाच्या समाधानावर ठरते का, यांवर होतो. चँडलरचेही आपण अर्धेच वाचतो. त्याने पाहिलेल्या विभागांचे बळ त्यांच्या पत्त्यात नव्हते. प्रत्येकाचा नफातोटा वेगळा मांडला जाई आणि त्याचा जाब प्रमुखाला द्यावा लागे. नांदेड विभागाला असा स्वतःचा नफातोटा नाही. हिंगोलीच्या तिकीट खिडकीवर उद्या दुप्पट गल्ला जमला तरी त्यातला एक रुपया हिंगोलीवर खर्च करायचा अधिकार त्या व्यवस्थापकाला आपोआप मिळत नाही.

मग मागणी सोडून द्यायची का? सिकंदराबादचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. मराठीत निवेदन देता यावे, आपल्या खासदारांना एकाच झोनशी भांडता यावे, ही कारणे रास्त आहेत. कार्यालय आले की बदल्या, बांधकामे, भाड्याची घरे, चहाची दुकाने येतात. गावाला तेही हवे असते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त ती मागणी त्या नावाने व्हावी. प्रवाशासाठी मागायचे असेल तर दुसरेच काही मागावे लागेल, आणि ते कमी आकर्षक आहे, कारण त्याचे भूमिपूजन करता येत नाही. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती आज फक्त सल्ला देते. तिच्या सूचनेला ठरावीक मुदतीत लेखी, कारणांसह होय किंवा नाही असे उत्तर बंधनकारक करा. रोहित्राची भरपाई मागणाऱ्याला मिळते. ४८ तास उलटले की ती न मागता बिलात वजा व्हावी आणि तिचा बोजा त्या उपविभागाच्या हिशेबात दिसावा. आगार व्यवस्थापकाच्या तक्त्यात भारमानाशेजारी शाळेच्या फेऱ्यांच्या वेळेचा एक रकाना घाला. पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि अकोल्यापर्यंत तो नांदेड विभागातच आहे. त्यावरच्या साध्या गाड्यांच्या वेळा आणि डबे ठरवण्याचा पूर्ण अधिकार नांदेडलाच द्यावा. अकोल्याचा फलाट मात्र मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाचा आहे, तेव्हा तिथली वेळ त्यांच्याशी बोलूनच घ्यावी लागेल, आणि ही बोलणी नांदेड विभाग मध्य रेल्वेत गेला तरी टळणार नाहीत.